पॉझिटिव्ह शून्य

बारामतीला कॉलेजात येईपर्यंत तीन फेजची वीज मला एकाच कामासाठी माहीत होती: ती आली की शेळगावात आमच्या विहिरीवरची मोटर चालायची. कॉलेजात कळलं, की गणितानं तिचे तीन भाग पाडता येतात: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झिरो. वीज समतोल असली तर सगळं पॉझिटिव्हमध्ये दिसतं, बाकी दोन शून्य. प्रोजेक्टमध्ये आम्हाला हेच संगणकावर मोजून दाखवायचं होतं. त्यात खरी वीज नसते, चुकलं तरी शॉक बसत नाही, म्हणून मी हा विषय घेतला.

पण मी समतोल वीज दिली, तर उत्तर उलटंच: पॉझिटिव्ह शून्य आणि निगेटिव्ह पूर्ण. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. तोवर जमलं नाही तर मी नापास. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हाही मान पहिला मलाच मिळाला असता. सूत्रं तपासली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझं बेसिक कच्चं आहे." मला ते पटलंही.

या रविवारी येत नाही, हे आई-तात्यांना सांगायला मी घरी फोन केला.

"नगं येऊ, पर तात्या लय तापल्यात," आई म्हणाली. "काल डीपीवर तारा जोडून गेली लाईटीची माणसं. तवापास्नं मोटर उलटी फिरतीया, पाणीच उचलंना. तू असलास की दोन वायरी बदलून मोकळा व्हतोस. आता तेच गेल्यात हिरीवर, शिव्या देत."

"दोन वायरी?"

"व्हय. इसरलास का काय? तितं शिकवत न्हाईत व्हय ह्ये?"

शाळेत असल्यापासून ते काम माझंच होतं. मेन स्विच पाडायचा, स्टार्टरमधल्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, मोटर सुलटी. पण संगणकावर पाणी थांबलेलं दिसत नाही, त्यामुळे मला ओळखू आलं नसावं. प्रोजेक्टमध्येही दोन फेज मीच उलटसुलट जोडल्या होत्या. त्या बदलल्या. पॉझिटिव्ह पूर्ण आला.

सोमवारी परीक्षकांनी विचारलं, "चूक सापडली कशी?"

विहिरीचं अगदी ओठांवर आलं होतं. मी सरांकडे पाहिलं आणि म्हणालो, "फेज सिक्वेन्सची पद्धतशीर पडताळणी केली, सर."

"व्हेरी गुड," परीक्षक म्हणाले. आमच्या सरांनीही मान डोलावली, जणू त्यांनीच सांगितलं होतं.

पास होऊन सुट्टीला घरी गेलो, तर डीपीवर पुन्हा कुणीतरी हात घातलेला आणि मोटर पुन्हा उलटी. मी दोन वायरी बदलल्या. तात्या शेजारच्या आबांना म्हणाले, "बघितलं का आबा? इंजिनेर केल्याचा फायदा हाय ह्यो."

आबांनी मला हेच काम हाफ पँटीत करताना पाहिलं होतं. "मग! शिक्षान ते शिक्षानच," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलणार होतो. पण पाईपातून पाणी पडायला लागलं आणि दोघंही पाण्याची दारं धरायला उसाकडे निघाले.