काळ्या आगीच्या आत

माझ्या लेकीच्या पोटात रोज सकाळी दुखायचं, शाळेची बस यायच्या सुमारास. मी स्वतः डॉक्टर. पोट दाबून पाहिलं, इथे परदेशात फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात, त्याच्याकडून रक्त तपासून घेतलं, अल्ट्रासाउंड झाला. सगळं नॉर्मल. मग माझ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात टेकले आणि आतली साताऱ्याची पोर जागी झाली. दृष्ट लागली आहे हिला, दुसरं काय!

शनिवारी तिला हॉलमध्ये उभं केलं. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या लाल मिरच्या, मीठ आणि मोहऱ्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. स्मोक अलार्म कोकलू नये म्हणून एक्स्ट्रॅक्टर फॅन फुल लावला होता. ठसका काही आला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धूर पंख्याने ओढून नेला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी आणखी मूठभर मिरच्या टाकल्या.

त्याच दुपारी तिच्या मैत्रिणी खेळायला येणार होत्या. त्यांचा खेळ डायनिंग टेबलावर, फासे टाकून चालतो. एकीने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. राक्षस, मंत्रतंत्र, सगळा जामानिमा. गोष्ट रचणारी आमची लेक. पण ऐनवेळी कुणीच आलं नाही आणि तिचं तोंड एवढंसं झालं. मला असल्या खेळांचा मनापासून कंटाळा, तरी म्हटलं, "चल, मी खेळते." तिने मला गावातली एक म्हातारी केलं. आभारी आहे!

गावावर शत्रू चालून आले. गावातल्या एका जादूगार मुलीने मंत्र टाकला आणि गावाभोवती काळी आग उभी राहिली.

"तो आग आतून दिसत नाही," लेक म्हणाली. तिच्या मराठीत आग पुल्लिंगी. एरवी मी टोकलं असतं. "आतले लोक टोटली सेफ. ते जेवतात, झोपतात. बाहेर कोण आलाय ते त्यांना कळतच नाही."

"आणि ती मुलगी?"

"ती बाहेर. आग तिच्या हातातून येतो ना, म्हणून हात जळतात."

"मग गावाला हाक मारायची की! मूर्ख आहे का ती?" मी चिडलेच. गोष्टीतसुद्धा असला शहाणपणा मला खपत नाही.

"आई, सांगितलं तर ते बाहेर येतील. मग ते पण जळतील. दॅट्स द होल पॉइंट."

शेवटी तिचा आवाज फाटला. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातले फासे नुसतेच चाळवत होती. पोट बसच्याच वेळेला दुखतं, हे मला आत्ता जुळलं.

"बसमध्ये काय होतं?" मी विचारलं.

तिने फासे खाली ठेवले. मग तिने सांगितलं. मागच्या सीटवरची मुलं "परत जा तुमच्या देशात" म्हणतात. हल्ली तिच्या वेणीजवळ लायटर पेटवतात. सगळे हसतात. ड्रायव्हर पुढे बघत राहतो.

माझं डोकंच फिरलं. राग त्या मुलांचा, निघाला तिच्यावर. "आणि हे तू मला आज सांगतेस? मी काय मेले होते?"

तिने पहिल्यांदा मान वर केली.

"तुला पेशंट म्हणतात ना, प्रॉपर डॉक्टरला बोलवा? तू बाबाला सांगत होतीस, मी ऐकलं. मला सांगितलंस तू? तू ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसून रडतेस. मग आत येतेस आणि विचारतेस, जेवलीस का. मला खिडकीतून दिसतं, आई."

मी उठले, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. सोमवारी शाळेत जाऊन हेडटीचरला धारेवर धरणार होतेच. पण ते नंतर.

"परवा वॉर्डमध्ये एक गोरे आजोबा होते," मी म्हटलं, आणि तिला सांगायला लागले.