महिपतीचे पांढरे गुडघे

बोहारीण जुने कपडे घेते आणि भांडी देते. महिपतीनं भांडं दिलं आणि जुना कपडा घेतला. लोणावळ्याच्या गावठाणात असं पूर्वी कधी घडलं नसावं. धोंडाबाई बोहारणीनं पातेलं उलटंपालटं करून पाहिलं.

"ह्यात काय खोट हाय का रं?"

"न्हाई मावशी. फकस्त आयेला सांगू नका."

कपडा म्हणजे जीनची पँट. वळवणच्या कुठल्याशा बंगल्यातून तिच्या गाठोड्यात आलेली. गडद निळी, इतकी ताठ की भिंतीला टेकवली तर उभी राहायची. साल चौऱ्याहत्तर. बंगल्यांवर सुटीला येणारी मुंबईची पोरं विटक्या पँटी घालून हिंडत. गुडघ्यांवर, मांड्यांवर पांढुरक्या. महिपतीला तसली हवी होती.

"ही तर नवी दिसते," मी म्हणालो.

"तेच तर दुखणं हाय, मास्तर."

मी मास्तर नव्हतो. मराठी घेऊन नुकताच बी.ए. झालो होतो आणि रिकामा होतो. दिवसभर महिपतीशेजारी बसायचो. तो चुलत्याच्या सायकलच्या दुकानात स्टुलावर बसायचा. सायकल भाड्यानं द्यायची, परत आली की भिंतीला लावायची. पंक्चर काढायला दुसरा माणूस होता.

हे स्टूलच आडवं आलं. कामशेतच्या बाजारात महिपतीनं हिराला पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. चुलत्यानं तिच्या घरी शब्द टाकला. तिचे वडील अंबाजी, रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगचे मुकादम. त्यांचा निरोप आला: स्टुलावर बसणाऱ्याला पोरगी कशी द्यावी? तरी एकदा बघून जाईन.

महिपतीनं ह्यावर खूप विचार केला. शेवटी पँट विटवायचं ठरवलं. हिराच्या डोळ्यांत भरलो की बाप काय करणार, असं त्याचं म्हणणं.

विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर त्यानं कुठून तरी मिळवली. अंगणात बादलीत कालवली. चिंधीनं गुडघ्यांना लावायची, विटेच्या तुकड्यानं घासायचं, धुवायचं, पुन्हा लावायची. दुकानाकडे तो फिरकलाच नाही. त्याला एवढं काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याची आई कस्तुराबाई उंबऱ्यात बसून बघत होती.

"लोकं जुन्याचं नवं करत्यात. ह्ये ध्यान नव्याचं जुनं करतंय. आन माजं पातेलं कुटं हाय?"

पँट अखेर जमली. महिपती ती घालून अंगणात आला, तर समोर अंबाजी उभे. मुलीचा बाप कळवून थोडाच येतो? मुलगा रोजचा कसा असतो तेच त्याला बघायचं असतं.

अंबाजींची नजर थेट गुडघ्यांवर गेली. कस्तुराबाई शरमली. चटकन म्हणाली, "कामावरनं आलाय. कामाची पँट हाय ती."

"स्टुलावर बसून गुडघं असं व्हत्यात?"

"स्टूल लोकं म्हनत्यात." बोलायला लागली की ती थांबत नसे. "गुडघं टेकून सायकली करतंय पोरगं. पाठ न्हाई टेकत दिसभर."

महिपती माझ्याकडे बघत राहिला. मी हळूच बादलीपुढे जाऊन उभा राहिलो.

अंबाजींनी वाकून गुडघ्यावरून बोट फिरवलं. "मग लायनीवर ये माझ्या गँगमदी. रोजंदारीवर मानूस पायजेलच हाय. पाऊस सरला की सुपारीचं बोलू. आन येताना हीच पँट घाल."

महिपती गेला. हिरासाठी गेला. मळवलीपासून कामशेतपर्यंत रुळांच्या जोडांपाशी गुडघे टेकायचे, बोल्ट आवळायचे, ग्रीस लावायचं. पहिल्याच आठवड्यात तो घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला.

"मास्तर, घोटाळा झाला. काम केलं की काळी पडतीया."

"मग पडू दे."

"पडू दे कसं? अंबाजीमामा इचारतील, आदी पांढरी कशानं झालती?"

म्हणून रविवारी पुन्हा बादली, पुन्हा वीट. आठवडाभर गुडघ्यांवर काम करून पँट काळी व्हायची. काम केल्यासारखी दिसावी म्हणून सुटीच्या दिवशी तो ती पांढरी करायचा. मी साहित्याचा पदवीधर. ह्या प्रकाराला काय म्हणतात ते मला सांगता आलं नाही. गँगमधले विचारत, "महिपा, धोबी ठिवलायस का रं?"

पावसाळा असा गेला. सुपारीला आम्ही कामशेतला गेलो. पँट तीच, कारण तसा हुकूम होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. हिरा चहा घेऊन आली. महिपतीनं ऐटीत मांडी घातली.

टर्रकन आवाज झाला. एक गुडघा फाटला, पाठोपाठ दुसरा. पावडरीनं कापड खाऊन टाकलं होतं. कस्तुराबाईनं डोळे मिटले. महिपतीनं गुडघ्यांवर हात ठेवले.

"हात काढ," अंबाजी म्हणाले.

त्यानं हात काढले. आतल्या गुडघ्यांवर जाड घट्टे पडले होते. भेगांत ग्रीस बसलं होतं. ते कुठल्याच पावडरीनं निघालं नसतं.

"पँट लबाड हाय," अंबाजी म्हणाले. "ते पयल्याच दिशी कळलं व्हतं. तुजा मास्तर काडीवानी. त्याच्या मागं बादली दडती व्हय?"

"मग मामा, मला गँगवर का घेतलं?"

"एका पँटीला इतकं घासनारा गडी बघितला न्हवता. म्हटलं, लायनीला लावून बघावा." त्यांनी परत एकदा गुडघ्यांकडे पाहिलं. "ह्ये खरं हायेत. सुपारी फोडा."

हिरा पदराआड हसली आणि आत गेली.

परतताना गाडीत मी महिपतीचं अभिनंदन केलं. त्यानं ऐकलं नसावं. तो गुडघ्यांवरच्या भोकांच्या दशा जुळवून बघत होता.

"रंग आत्ता कुटं जमला व्हता, मास्तर," तो म्हणाला.