मामाने शिकवलेलं नाक

नाही पीत मी, मामा. कितीदा सांगू?

तोंडात घेतो आन् थुकतो. कामच तसं हाय.

तू म्हणायचा, "इकतची दारू थुकणारा माणूस मले अख्ख्या मालेगावात दिसला नाही."

आज तुले जाऊन वर्ष झालं. भांडण तसंच हाय.

हे वाचणाऱ्यायत ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. माझा बाप दारूनं गेला. मले मामानं वाढवलं, मालेगावजवळच्या भाजीच्या मळ्यात. मी गोव्याले व्हिस्कीच्या कारखान्यात पिंपं लोटायले लागलो, तवापासून त्यानं माझा एक रुपया घेतला नाही. पाठवले की त्याच दिवशी परत.

नाक मात्र त्यानंच शिकवलं.

दुपट्ट्यानं माझे डोळे बांधायचा आन् कांद्याच्या ढिगापुढं बसवायचा. "सांग, सडका कुठी हाय?"

मी घाईत बोट दाखवायचो.

"पह्यल्या वासावर जाऊ नको, लेका. नाक काढ. मंग परत घाल."

आज सकाळी टेस्टिंगले एक माणूस कमी होता, म्हणून मले बसवलं. काळे गिलास. लेबल नाही, रंग दिसत नाही. वास घ्या, चव घ्या, थुका, लिहा.

तिसऱ्या गिलासात नुसता धूर. पीट नावाची माती जाळून त्या धुरात जव वाळवतात, त्याचा. सगळ्यायनं 'पीटेड' लिहिलं आन् पुढं गेले.

मी नाक काढलं. परत घातलं.

वासात हुरड्याचा आर विझून राह्यला, आन् बाजूले झाडाखाली जांभळं फुटून पडलेली.

लिहिलं, धूर हाय, पण ज्या पिंपात मुरली त्यात आधी वाइन होती.

बरोबर निघालं. साहेब म्हणे, "कुठे शिकलास रे?"

"कांद्याच्या ढिगावर."

हसले सगळे. मी नाही हसलो.

कारण ते इतकं चांगलं लागलं मामा, की आज थुकायले उशीर झाला.

थुकलो. खरंच थुकलो. पण जीभ थांबली होती.

 बापाचं बी असंच सुरू झालं असन काय? कोणाले विचारू? तुलेच विचारलं असतं, आन् तू शिव्या दिल्या असत्या. त्या पायजे होत्या आज.

राम राम घे, मामा.

मामी, वर्षश्राद्धाले पैसे पाठवले. दुपारपासून फोन हातातच हाय, परत आले काय म्हणून. या वेळी ठेवून घे.

साडेसहा हजार.