चांदीतली फुलं

स्थायू पदार्थांचं भौतिकशास्त्र मी बीएस्सीच्या पोरांना शिकवते. पुस्तकातल्या स्फटिकात प्रत्येक अणू आपापल्या जागी, रांगेत, शिस्तीत. ती आकृती फळ्यावर काढताना मला दर वर्षी चीड येते. इतकं नीटनेटकं काही मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

माझा दादा गलाई कामगार. आमच्या विट्याकडं घराआड एक माणूस सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायला परमुलखात जातो, तसा तोही दहावीनंतर दक्षिणेत गेला. मी शिकावं म्हणून गेला, हे घरात कुणी बोलत नाही. वीस वर्षं तेजाबाचा धूर छातीत भरून परत आला. आता जिना चढताना मध्येच थांबतो.

कॉलेजात मी तेव्हा तासिका तत्त्वावर होते. मला कायम करायचं की नाही, हे ठरवायला समिती माझा तास बघणार होती. धातूसुद्धा स्फटिकांचाच बनलेला असतो हे डोळ्यांना दाखवावं म्हणून मी दादाला गळ घातली.

समितीसमोर, वर्गातच त्यानं मुशीत चांदी वितळवली, साच्यात ओतली आणि वर गरम राख लोटली. "दमानं निवू दे. घाई केली की फुलं बारीक पडत्यात," म्हणाला. ढेप निवेपर्यंत मी बोलत राहिले. मग त्यानं तिच्यावर तेजाब फिरवलं, तशी वेड्यावाकड्या कडांची चकाकती ठिगळं उमटली. एकेक ठिगळ, दादाच्या भाषेत फूल, म्हणजे एकेक स्फटिक. पोरं बाकं सोडून पुढं आली. इतकी वर्षं घसा कोरडा करून मला हे जमलं नव्हतं.

समितीतले एक साहेब खूश झाले. "हे कोण?" त्यांनी मला विचारलं.

दादाच्या शर्टाला तेजाबानं भोकं पडली होती. तो भिंतीला टेकून खोकत होता. मला त्याची लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

"कारागीर आहेत. विट्याहून बोलावलंय," मी म्हणाले.

दादानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "व्हय सायेब," तो म्हणाला, "म्याडमनी बोलावलं म्हणून आलो."

मी कायम झाले. अजूनही मी घरी गेले की तो दारातूनच आत हाक मारतो, "आई, म्याडम आल्या."

आई हसते. तिला वाटतं, तो चिडवतोय.