मालनबाईंचा चिमटा

दुपारची जेवणं उरकून हंसा चटईवर आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय तोच उशाशी कुणीतरी बसतं. कोण, तर मालनबाई! बालवाडीच्या बाई, तीन वर्षांमागं वारलेल्या. अशी बाई पुन्हा होणे नाही. नुसत्या शिंकल्या तरी दोन गल्ल्यांतली पोरं रांगेत उभी राहायची. देवाशपथ!

"झोपलीस होय गं? शेट आले की काय सांगणार?"

"नको म्हणून सांगणार, बाई. केतकीला नाही जमायचं."

केतकी हंसाची लेक, बावीस वर्षांची. चौथ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, ऑटिझम आहे. कुठली शाळा घेईना, मालनबाईंनी घेतली. गोलात बसत नाही? नको बसू. बटणांचा डबा ओतला तिच्यापुढं, लाव रंग! दिवसभराच्या कामांची चित्रं चिमट्यांनी दोरीवर टांगली. काम झालं की चित्र खाली.

चटईची आता बालवाडीची सतरंजी झालीय. दोरीही आहे, पण तिच्यावर ब्लाउजपीस, आणि ती थेट नेमगोंडा शेटच्या मॅचिंग सेंटरात शिरते. गेला महिनाभर केतकी तिथं तात्पुरती कामाला आहे, आणि आज शेट कायमचं विचारायला यायचेत. तिची नजर अशी, की साडी अजून पिशवीत असते आणि हिच्या हातात पीस तयार! पण काल लग्नाचं वऱ्हाड आलं, गलका झाला, आणि पोरगी कान झाकून काउंटरखाली बसली. आत्ताही तिथंच बसलीय.

बाई वाकून विचारतात, "केतकी, यायचंय का गं तुला कामाला?"

"नाही हो, ती घाबरते," हंसा म्हणते.

"गलका झाला तर काय करूया?"

"तिला नाही सांगता यायचं, बाई."

"हंसे, तुझं नाव केतकी आहे होय?" बाई दोरीवरचा लाकडी चिमटा काढतात आणि हंसाच्या खालच्या ओठाला लावतात. "तिच्या पहिल्या शब्दासाठी मी सहा महिने थांबले. तुला घडीभर दम निघत नाही?"

केतकी तोंड उघडते, आणि कडी वाजते.

हंसा धडपडत उठते. दारात नेमगोंडा शेट. केतकी भिंतीला टेकून उभी.

"मग, वहिनी? कायमची येऊ दे ना पोरगी?"

हंसा बोलायला जाते, तर ओठ ठसठसतो. ती गप्प राहते. शेट केतकीकडं वळतात. बराच वेळ नुसता पंखा कुरकुरतो.

मग केतकी भिंतीकडं बघतच म्हणते, "यायचंय. गलका झाला की अस्तराच्या खोलीत दहा मिनिटं बसणार. मग परत येणार. काल नवरीच्या मोरपंखी साडीला तुम्ही रामा कलर दिलात. तो चुकला."

शेट आधी गोरेमोरे होतात, मग खो खो हसतात. "उद्या दहाला ये बाई! आणि वहिनी, तुम्ही का रडताय? ओठाला काय लागलं?"

हंसा भिंतीवरच्या आरशात बघते. खालच्या ओठावर दोन वळ, लालबुंद, शेजारी शेजारी.