पुढच्या ब्रेकचे रबर

दोन हजार चार साली मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होतो. तिथला माझा सायकलवाला बोलायचा कमी. बोललाच तर आधी ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, म्हणून थांबायचा.

नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या वाळवंटातल्या दोन सायकल टूरची पत्रकं मी त्याला दाखवली. गाइड दोन्हींना होता, पण मागून मदतीची गाडी एकीलाच. मी बिनगाडीची निवडली होती. वाळूचे उतार स्वप्नात येऊन छळत होते, पण मित्रांसमोर फुशारकी मारून झाली होती.

त्याने माझी सायकल उलटी करून ब्रेकचे रबर अंगठ्याने चाचपले.

“आल्झो. मागचे झिजलेत. पुढचे नवेकोरे. उताराला घाबरता तुम्ही.”

“आई सांगायची, पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर आपटशील.”

त्याने गाडीवाल्या टूरच्या पत्रकावर तेलकट अंगठा टेकवला. मी निमूट तीच घेतली आणि मित्रांना सांगितलं, बिनगाडीची फुल झाली.

तरी निघायच्या आधी त्याच्यापुढे धीट दिसावं म्हणून मी पुढचे रबर कानशीने घासले आणि सायकल पुन्हा नेली. त्याने अंगठा फिरवला.

“आल्झो. हे कानशीचे ओरखडे.” पुढचे रबर बदलले, सायकल दुकानाबाहेरच्या उतारावर माझ्या हातात दिली आणि स्वतः खाली जाऊन, हात पसरून, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.