गिंकोची पानं मोठी झाली तेव्हा

सडक अर्जुनीच्या फाट्यावर गोंदियाची बस येईपर्यंत बाबांनी माझ्या बॅगेची चेन दोनदा उघडून पाहिली. डबा नीट ठेवला का बघतो, म्हणाले. डबा तर माझ्या हातात होता. शेवटी त्यांना राहवलं नाही. "दोन वर्साचं काम म्हणत होता ना? मंग सारेच कपडे काऊन नेऊन राहिला?"

मी म्हटलं, "सारे कुठं? निळा शर्ट खुंटीवर आहे ना."

परत येणार असं वाटावं म्हणून तो मी मुद्दाम ठेवला होता, आणि मुद्दाम ठेवलाय हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्या घरात संशय रक्तातलाच. गाईनं दूध कमी दिलं तरी आम्ही आधी शेजाऱ्याकडे बघतो.

कालिम्पाँगच्या नर्सरीत मी बोन्साय शिकलो. मालकांना सगळे दाजू म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. तिथं नेपाळी बोलता बोलता आदराचं 'हजुर' माझ्या तोंडात बसलं. माय फोनवर विचारायची, "हे हजुर हजुर कोनाले म्हणून राहिला बाबू?" मी हसण्यावारी न्यायचो. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. जिभेवर आधी नवं गाव येतं, घरी कळवायचं ते मागाहून.

तिसऱ्या वर्षी मी घरी आलो तो मांडीवर गिंको घेऊन. बी लावून मी स्वतः वाढवलेलं, वीत-दीड वीत उंचीचं झाड, उथळ ट्रेमध्ये. पान पंख्यासारखं, मधोमध चीर. बाबांना म्हटलं, "दुपारचं ऊन लागू देऊ नका. वर्षाआड माघात मुळं कापावी लागतात, ते मी येऊन करीन. मग इथंच नर्सरी काढू."

"जित्या झाडाचे मुळं कापाचे? अन् त्याले लहानच ठेवाचं?" बाबा ट्रेभोवती फिरून आले. "हे बी त्या शर्टासारखंच का?"

मला राग आला, कारण ते खरं होतं.

मुळं कापायचा माघ आला तेव्हा मी गेलो नाही. तिकडे कामाची घाई होती. पुढच्याही माघात गेलो नाही. तोवर दाजूंनी मला नर्सरीत भागीदार करून घेतलं होतं, आणि मी दोन खोल्यांचं घर केलं होतं. घरी यातलं काहीच सांगितलं नाही. अजून ठरलं नाही, एवढंच म्हणत राहिलो.

बाबा दर रविवारी मोबाइलवर झाडाचा फोटो पाठवायचे. एका रविवारी माझ्या मनात पाल चुकचुकली. फोटोत ट्रे दिसत नव्हता. जुने फोटो काढून पाहिले, तर कित्येक महिन्यांत तो दिसलाच नव्हता. आणि पानं! मुळं ट्रेमध्ये कोंडली की पानं लहान येतात. ही तर बाबांच्या तळहाताएवढी होती. झाड मेलं आणि दुसरंच दाखवतात म्हणावं, तर हे पान आमच्या भागात दुसरं आणणार कुठून? मग कुणाला देऊन टाकलं? फोटोच्या कोपऱ्यात बोरिंगचा दांडा होता. आपलाच की दुसऱ्याचा, ते मोठं करकरून पाहिलं. फोन करून विचारलं, "ट्रे कुठं आहे?"

"माय धुऊन राहिली," बाबा म्हणाले.

झाडासकट?

न कळवता गेलो. धानाच्या रोवणीचे दिवस होते. घरामागच्या वाडीत, बोरिंगजवळ, आंब्याच्या सावलीत गिंको जमिनीत उभा होता. माझ्या कमरेला लागेल एवढा. मी भडकलो. एवढ्या वर्षांची मेहनत मातीत घातली, असं बोलून गेलो.

बाबा धानाच्या बांधीतून आले होते, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी तशीच. "दोन माघ वाट पाह्यली. मुळं ट्रेच्या भोकातून खाली आले. पऱ्हे जून झाले तरी रोवले नाई, तं फुटवे येतेत का?" पेंडी खाली ठेवून ते म्हणाले, "तूनं तिकडं घर केलं ना?"

"कोणी सांगितलं?"

"कोनी कायले सांगते? व्हिडिओ कॉलमंधी तुया मांगची भिंत बदलली."

म्हणजे मी त्यांच्या फोटोचे कोपरे तपासत होतो, आणि ते माझ्या मागची भिंत. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. इतक्या लांबून आपल्यावर पाळत ठेवणारं कोणी आहे, याहून घर वेगळं काय असतं?

निघायच्या दिवशी त्यांनी घासूनपुसून ठेवलेला ट्रे आणला, निळ्या शर्टात बांधलेला. "ने. तिकडं कामी येईन. शर्ट बी ने."

ट्रे मी घेतला. शर्टाची गाठ मात्र सोडली आणि तो गुपचूप खुंटीवर परत टांगला. फाट्यावर बॅग मुद्दाम बाबांच्या पायाशी ठेवली. उघडतील, शर्ट दिसणार नाही, काहीतरी विचारतील, म्हणून वाट पाहत उभा राहिलो. बस आली, तरी त्यांनी चेनला हात लावला नाही.